काटेसाहेबांचा पंचनामा

काटेसाहेबांचं आडनाव काही काटे नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून काढली. त्या काळात ज्यांच्या तराजूखाली चुंबक सापडलं, पारड्याच्या बुडाशी मेण सापडलं, त्या सगळ्या दुकानदारांनी मिळून ठेवलेलं ते नाव. समोर 'साहेब', पाठ फिरली की 'काटा'. बायकोच्या कानावर गेलं तेव्हा तिला ते भलतंच आवडलं. फोनवर कुणी विचारलं की ती सांगायची, "काटेसाहेब आंघोळीला गेलेत." ती जाऊन तीन वर्षं झाली होती. नाव मागे राहिलं आणि त्या नावाने घरात हाक मारणारं कुणी उरलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी जेवण सोडलं असं नाही, पण जेवायला बसणं सोडलं. एकट्यासाठी कोण कुकर लावणार आणि कोण भांडी घासणार? सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी टोस्ट आणि चहा, संध्याकाळी जे उरलं असेल ते. माणूस असं किती दिवस काढतो? काटेसाहेबांनी अडीच वर्षं काढली. मग एका सकाळी न्हाणीघरात ते खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. पडले नव्हते, लागलं नव्हतं, फक्त उठता येत नव्हतं. हातांनी बादली धरली तर बादली कलंडली. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत ते ओल्या फरशीवर बसून राहिले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना वरून पाणी गळताना दिसलं, म्हणून त्या वर आल्या.

दवाखान्यात सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, स्नायू झडलेत, वजन एकोणपन्नास. मुलीचा फोन आला. ती लांबच्या शहरात, दोन खोल्यांत पाच माणसं. "बाबा, इकडे या बघू सरळ," ती म्हणाली, आणि ते कुठे झोपतील याचा हिशेब तिच्या आवाजातच ऐकू आला. "बघू," ते म्हणाले. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

दवाखान्याची एक घरपोच सोय होती. अशक्त म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून दोनदा फिजिओबाई जायची. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता. तीन जिने चढून ती आली, खांद्यावरची भलीमोठी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "काय आजोबा, कसं काय?"

"मी तुमचा आजोबा नाही."

"बरं. मग काय म्हणू?"

"खात्यात साहेब म्हणायचे."

"मग साहेब तर साहेब. या काट्यावर उभे राहा, साहेब."

पिशवीतून तिने चपटा, काचेचा, आकडे लुकलुकणारा काटा काढला. काटेसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्या काट्याला लाज वाटावी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी कपाटातून पाच किलोचं पितळी वजन दोन्ही हातांनी कसंबसं ओढून काढलं आणि तिच्या काट्यावर ठेवायला लावलं. काट्याने पाच किलो आठशे दाखवलं. मग त्यांनी पलंगाखालचा आपला जुना, गोल तबकडीचा काटा दाखवला. त्याने पाच म्हणजे पाच दाखवलं.

"आजपासून तुमचाच काटा," ती म्हणाली. "माझ्या सगळ्या पेशंटांना आठशे ग्रॅम फुकट वाटत होते मी!" आणि ती मोठ्याने हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

तिचं सांगणं सोपं होतं. प्रत्येक जेवणात एक तरी ताकदीची वस्तू हवी: अंडं, दूध, दही, मूठभर शेंगदाणे, शिजवलेलं कडधान्य. नुसत्या टोस्टवर मांस चढत नाही. सकाळी वीस मिनिटं खिडकीतल्या उन्हात हातपाय उघडे टाकून बसायचं. आणि व्यायाम: खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं, एका पायावर उभं राहणं. "औषधापेक्षा हे जालीम आहे," ती म्हणायची, "पण रोज घ्यावं लागतं आणि कडू लागतं."

खाण्यावर तिचा विश्वास नव्हता. म्हातारे लोक खातो म्हणून सांगतात आणि खिडकीतून कावळ्याला घालतात, असा तिचा अनुभव. म्हणून दोन अंडी तिच्यासमोर उकडायची आणि तिच्यासमोर खायची. ती समोर बसून चहा प्यायची, एखाद्या पेशंटाची गोष्ट सांगायची. एक बाई म्हणे फक्त रेडिओ लावला तरच टाचा उचलायच्या, आणि बातम्या लागल्या की खाली बसायच्या. समोर माणूस असलं की घास उतरतो, हे काटेसाहेब विसरूनच गेले होते.

दुसऱ्या महिन्यात त्यांच्या अंगात जीव आला. एकटे असताना, भिंतीकडे तोंड करून, छातीवर हातांची घडी घालून ते सात वेळा उठले. सातव्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांना कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगायला मंगळवारपर्यंत थांबायचं होतं. ते थांबले. दाढी केली, अंडी आधीच काढून ठेवली.

मंगळवारी ती आली आणि घामाने भिजलेला पदर हलवत खुशीत म्हणाली, "साहेब, वजन दीड किलो वाढलंय मागच्या वेळेला. असंच चाललं तर पुढच्या महिन्यात केस बंद! पाच वेळा खुर्चीतून उठलात आणि तीन किलो चढलात की सुटलात माझ्या कटकटीतून. चला, उठा बघू."

काटेसाहेब खुर्चीत बसले होते. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरलं, दोनदा झोक घेतला आणि कण्हत कसेबसे उभे राहिले.

"हरकत नाही," ती म्हणाली. "होईल हळूहळू."

त्या वेळी त्यांनी काही ठरवून केलं नव्हतं, हात आपसूक गेले होते. पुढचं मात्र सगळं ठरवून झालं, त्यात त्यांना वाचवायला मी जाणार नाही. त्या आठवड्यात त्यांनी आपला काटा उलटा केला, चार स्क्रू काढले आणि आतल्या पाट्याखाली जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा चिकटवला. ही युक्ती त्यांनी एका भंगारवाल्याकडे पकडली होती. विकणाऱ्याचा काटा जास्त दाखवतो, पण भंगारवाला विकत घेणारा, त्याला कमी दाखवणारा काटा हवा असतो. काटा रिकामा असला की रबर कशालाच लागत नाही, तबकडी शून्यावर शहाण्यासारखी उभी. वजन पडलं की पाटा रबरावर टेकतो आणि थोडा भार गुपचूप खाऊन टाकतो. त्या भंगारवाल्याला काटेसाहेबांनी भर बाजारात सुनावलं होतं, "लाज वाटते का?" तो म्हणाला होता, "साहेब, पोटासाठी करतो." तेव्हा त्यांना ते उत्तर फार निर्लज्ज वाटलं होतं.

मग चार महिने हा खेळ चालला. बाकीचे पाच दिवस काटेसाहेब मन लावून व्यायाम करायचे, कारण मंगळवारी आणि शुक्रवारी तो न जमल्याचं दाखवायला अंगात ताकद लागायची. जेवण तिन्ही त्रिकाळ, कुकर लावून, भांडी घासून. दूध वेगळं. पँटचा पट्टा दोन भोकं सैल करावा लागला. वजन चढेल तसं रबर जाड करावं लागे, म्हणून त्यांनी डाव्या चपलेची अर्धी टाच संपवली. आणि तिच्यासमोर तबकडी खाली यायची: अठ्ठेचाळीस, साडेसत्तेचाळीस, सत्तेचाळीस.

फजिती फक्त टेपची होती. ती दर महिन्याला पोटरीचा घेर मोजायची आणि टेपला काही रबर लावता येत नव्हतं.

"हे काय गौडबंगाल आहे?" ती पोटरीवर अंगठा दाबून म्हणायची. "वजन उतरतंय आणि पोटरी भरतेय. सूज तर नाही. साहेब, मला तुमची काळजी वाटायला लागलीय."

तिने घरी माणूस बोलावून रक्त तपासायला दिलं, अहवाल स्वतः घेऊन आली, दोनदा मधल्या वारी येऊन गेली. रात्री झोप लागत नाही तुमच्यामुळे, असं एकदा बोलूनही गेली. काटेसाहेबांना शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण आपल्यामुळे कुणाची तरी झोप उडते आहे, हे त्यांना इतकं गोड लागलं की ती शरम त्यांनी बाजूला सारली. चांगला माणूस असं करत नाही म्हणतात. एकटा माणूस करतो.

एका मंगळवारी ती आली ती गप्पच. अंडी उकळत ठेवली, चहा समोर आला, तो तिने घेतला नाही.

"काय झालं?"

"काही नाही. पट्टा घ्या."

"बाई, चौतीस वर्षं मी दुकानदारांच्या तोंडाकडे बघून ओळखायचो. काय झालं ते सांगा."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "शुक्रवारी आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई येणार आहेत तुमच्याकडे. तुमचा तक्ता बघून त्या म्हणाल्या, हे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. वजन उतरतं, पोटरी भरते, रक्त उत्तम, आणि माणसाला खुर्चीतून उठता येत नाही. हे मोजलेले आकडे नाहीत, घरी बसून मनाने भरलेत." तिने हातातला पट्टा ओट्यावर टाकला. "त्यांना वाटतंय मी येतच नाही इकडे. नुसत्या सह्या ठोकते. महिनाअखेर माझा करार संपतोय, साहेब. नऊ वर्षं झाली मला, एक भेट चुकवली नाही."

"मी सांगतो ना त्यांना, तुम्ही येता म्हणून."

"पेशंटचं कोण धरतं? तुम्हाला सगळे विसराळू समजतात." मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "वजन मात्र तुमच्या काट्यावर घेतलंय, तेवढा एक आधार आहे. तो काटा चुकीचा नाही हे मी छातीठोक सांगणार."

ती गेल्यावर काटेसाहेबांनी गॅस बंद केला. अंडी फुटून पाणी पांढरं झालं होतं.

बुधवारी त्यांना सुटकेचा रस्ता दिसला. रबर काढून टाकायचं, बस. शुक्रवारी काट्यावर उभं राहायचं, चोपन्न दाखवेल, खुर्चीतून उठून दाखवायचं, सगळे खूश. मध्ये कधीतरी झपाट्याने सुधारलो, झालं. त्यांनी काटा उलटा केला, स्क्रूवर पेचकस टेकवला आणि तसेच थांबले. हाडाच्या निरीक्षकाला हे कळायला वेळ लागत नाही. मंगळवारी सत्तेचाळीस आणि शुक्रवारी चोपन्न? आज काटा बरोबर निघाला, तर कालचे आकडे लिहिणारा खोटा ठरतो. त्यांनी स्वतः असे किती तरी कारकून धरले होते. काटा गुपचूप दुरुस्त करणं म्हणजे तिच्या गळ्यात दोर घालून आपण बाजूला होणं.

आणि काटा तसाच ठेवला तर ती जाणारच. तिच्या जागी दुसरी कुणी येईल, ती आपला काचेचा काटा आणील. खरं सांगितलं तर केस बंद, आणि वर ती पुन्हा तोंड बघणार नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे मंगळवार गेलाच. गुरुवारी दिवसभर ते याच एका गोष्टीवर घुटमळत राहिले. संध्याकाळी त्यांनी टेबल पुसलं, कोरा कागद घेतला आणि खात्यातल्या अक्षरात वर लिहिलं: पंचनामा.

शुक्रवारी अकराला दोघी आल्या. मोठ्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, गोऱ्या, जिन्याने दमलेल्या. मागे फिजिओबाई, हातात तक्त्याची फाईल छातीशी धरून. काटेसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर टेबलावर काटा, पितळी वजन आणि पेचकस.

"काय आजोबा," डॉक्टरीणबाई मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या, "या बाई येतात का तुमच्याकडे? आठवड्यातून किती वेळा?"

"ऐकू येतं मला. मंगळवार, शुक्रवार, अकरा वाजता, एकदाही चुकलेल्या नाहीत. पण आधी काटा बघू."

त्यांनी काटा उलटा केला. चार स्क्रू निघाले. झाकण बाजूला झालं आणि आतला रबराचा तुकडा दिसला, नीट कापलेला, कडा घासलेला. चांगलं काम होतं. डॉक्टरीणबाईंना काहीच कळलं नाही. फिजिओबाईला मात्र कळलं. ती त्या तुकड्याकडे बघत राहिली आणि तिने फाईल हळूच खुर्चीवर ठेवली.

काटेसाहेबांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. "सदर काटा तपासला असता पाट्याखाली रबर आढळून आले. त्यायोगे खरे वजन सात किलोपर्यंत कमी दिसते. रबर बसवणारा इसम: मी स्वतः. तपासणारा अधिकारी: मी स्वतः. सदर फिजिओथेरपिस्ट बाई यांनी लिहिलेला प्रत्येक आकडा त्यांनी जसा पाहिला तसाच लिहिला आहे. फसवणूक त्यांची झाली आहे, त्यांनी केलेली नाही. खुर्चीतून उठता न येण्याबाबत इसमाने केलेले नाटकही कबूल आहे. काटा जप्त." त्यांनी कागद पुढे सरकवला. "पंच म्हणून दोन सह्या लागतात."

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. "अहो, कुंपणच शेत खातंय की! पण कशासाठी?"

"कारणाचा रकाना कोरा ठेवलाय," काटेसाहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी हसत हसत सही केली. फिजिओबाईने न वाचता केली. मग रबर निघालं, पितळी वजन ठेवून काटा पडताळला आणि काटेसाहेब त्यावर उभे राहिले. चोपन्न. मग ते खुर्चीत बसले, छातीवर हातांची घडी घातली आणि उठले, बसले, उठले, बसले. पाच वेळा झाल्यावर डॉक्टरीणबाई "बास, बास" म्हणाल्या, तरी ते दहापर्यंत गेले. इतके दिवस लपवलेलं एकदा तरी तिला दाखवायचं होतं. दहाव्यांदा उभे राहून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पट्टा गुंडाळत होती.

"कमाल केलीत हो," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "अशी सुधारणा मी वर्षात पाहिली नाही. हा तक्ता मी सगळ्यांना दाखवणार आहे. तुमच्या कराराचं मी बघते." त्यांनी फाईलवर लाल शाईने दोन शब्द लिहिले, शिक्का मारला आणि फोनवर बोलत जिना उतरून गेल्या.

फिजिओबाईने पिशवी खांद्याला लावली. काटेसाहेबांनी चपला शोधल्या, डावीची टाच अर्धीच उरली होती म्हणून बूट घातले आणि तिच्या मागोमाग निघाले. ती नको म्हणाली नाही. तीन जिने दोघं उतरले. सहा महिन्यांत ते पहिल्यांदा रस्त्यावर आले होते, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं.

"मी तुमच्यासाठी रडले घरी," ती खाली आल्यावर म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला काहीतरी मोठं झालंय आणि मला ते सापडत नाहीये. आईला सांगितलं मी तुमच्याबद्दल."

"चूक झाली माझी."

"चूक? रबर कापून, घासून बसवलंत. चूक म्हणे!" मग तिचा आवाज खाली आला. "साहेब, एकदा तोंडाने सांगायचं होतंत. की एकटं वाटतं, येत जा म्हणून."

"सांगितलं असतं तर आला असतात?"

ती थांबली. समोरून जाणारी सायकल तिने आधी जाऊ दिली. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. काटेसाहेबांनी एवढं एक माप डोळे झाकून मान्य केलं असतं. पण ती सरळ बाई होती.

"नाही," ती म्हणाली. "बेचाळीस पेशंट आहेत माझे. जे उठू शकत नाहीत, त्यांच्याकडे जावं लागतं."

"बरोबर आहे."

"खाणं सोडू नका. केस बंद झाली की लोक पहिलं ते सोडतात." तिने पिशवीचा पट्टा सारखा केला. "वर जाल ना एकटे?"

"जाईन की."

ती गेली. वळणापर्यंत दिसत होती, तोवर ते उभे होते. मग ते जिन्याकडे वळले. पहिला मजला मागे पडला. दुसऱ्या मजल्यावर, वहिनींच्या बंद दारापाशी, दम लागेल, जरा टेकावं लागेल, अशी त्यांची समजूत होती, म्हणून ते थांबले. दम लागला नव्हता. गुडघे दुखत नव्हते, कठडा धरायची गरज नव्हती. पाय आज्ञेत होते आणि त्यांना वर नेत होते. त्यातली एक जरी पायरी जड गेली असती, तर काटेसाहेबांना केवढं बरं वाटलं असतं.